लॅथ्रपांच्या टेबलावरचा पंक्तिप्रपंच

घंटा वाजली तेव्हा थँकफुल लॅथ्रपला वाटलं, गाय सुटली.

हात एप्रनला पुसत ती मागच्या दारी धावली. गाय खुंटाला बांधलेली होती आणि निवांत रवंथ करत होती. घंटा पुन्हा वाजली. मग म्हातारीच्या लक्षात आलं, की आवाज गोठ्यातून नाही, जेवणघरातून येतोय.

तिथे तिची सून कॉर्नेलिया उभी होती. हातात चांदीची चिमुकली घंटा आणि नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे. राजधानीत, आल्बनीला, बापाच्या घरी अशी घंटा वाजली की दार उघडून कुणीतरी अदबीनं आत यायचं. दार इथेही उघडलं, पण आत आली रॉक्साना पेक, एका हातात सुरी आणि दुसऱ्या हातात अर्धा सोललेला बटाटा घेऊन.

"मावशी, गाय सुटली का हो?" तिनं थँकफुलला विचारलं.

"गाय नाही सुटली," कॉर्नेलिया म्हणाली. "मी तुला बोलावत होते."

"मला? घंटेनं?" रॉक्सानानं घंटेकडे नीट निरखून पाहिलं. "अहो बाई, आमच्याकडे घंटा दोनच ठिकाणी असते. एक गाईच्या गळ्यात आणि एक चर्चवर. मी दूधही देत नाही आणि प्रवचनही देत नाही. नुसतं 'रॉक्साना' म्हणा, मी येते. जवळपास असले तर."

थँकफुलनं हसू दाबायला खोकल्याचं सोंग केलं. रॉक्साना ही शेजारच्या पेकांची थोरली लेक. पेकांच्या शेताला आणि लॅथ्रपांच्या शेताला कुंपण एकच होतं, आणि त्या कुंपणावरून मेंढ्यांइतकीच माणसंही इकडून तिकडे होत. दोन हिवाळे रॉक्साना या घरात मदतीला होती. मदतीला, बरं का. या गावात दुसरा शब्द कुणी वापरत नसे, आणि ज्यानं वापरला त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी भांडी त्याची त्यालाच घासावी लागत.

कॉर्नेलियाला हे कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं होतं आणि तिला तो विनोद वाटला होता.

"आई," ती सासूकडे वळून गोडपणे म्हणाली, "हाताखालच्या मुलींना इतकी सैल सोडू नये. आज कर्नल टटल जेवायला येतायत. हा पांढरा एप्रन मी मुद्दाम आणलाय. रॉक्सानानं तो घालायचा, वाढायचं, आणि मग मागे भिंतीशी उभं राहायचं. माझ्या माहेरची हेस्टर तिला शिकवेल."

रॉक्सानानं बटाटा टेबलावर ठेवला. सुरी मात्र हातातच राहिली.

"हाताखाली आमच्याकडे कुत्रं असतं," ती म्हणाली. "मी हाताशी आहे. मावशींच्या हाताशी. माझी खुर्ची आहे तिथेच राहणार असेल तर मी आहे. नसेल तर मी चालले घरी. आमच्याकडेही आज डुकराचं मांस शिजतंयच."

आणि ती बटाटा उचलून स्वयंपाकघरात गेली. दार आपटलं नाही. पेकांच्या पोरी दारं आपटत नसत, नुसती उघडी टाकून जात, म्हणजे आतलं सगळं त्यांना ऐकू येई.

*

त्या दिवसाचं महत्त्व असं होतं, की शनिवारी गावच्या खानावळीत पक्षाची सभा भरायची होती, आणि कर्नल टटल ज्याचं नाव घेतील तो विधानसभेला उभा राहणार होता. थँकफुलच्या मुलाला, अ‍ॅसाहेलला, उभं राहायचं होतं. मोठं व्हायची ती आग त्याच्या पोटात लहानपणापासूनच होती. कालवा खणायला सुरुवात झाली तेव्हा तो खांद्यावर फावडं टाकून गेला होता. आज त्याच कालव्याच्या धक्क्यावर त्याचं धान्याचं गोदाम होतं, अंगात निळा कोट होता आणि घरात आल्बनीच्या व्हॅन शोरांची लेक होती. भाषणात तो हे सगळं सांगायचा. बापाची कुऱ्हाड सांगायचा, आपलं फावडं सांगायचा, आणि शेवटी हात पसरून म्हणायचा, की या देशात ज्याच्या मनगटात जोर त्याला प्रत्येक दार उघडं.

आई त्याच्या भाषणात कधीच आली नव्हती. थँकफुलला त्याचं वाईट वाटे, पण ती ते बोलून दाखवत नसे. कारण आईचं सांगायचं, तर सुरुवात अशी करावी लागली असती, की ती लॅथ्रपांकडे मदतीला आली होती.

अठराची होती. लॅथ्रप तेव्हा कनेक्टिकटात राहत. घरात पहिल्या दिवशी तिनं पिठाच्या पारीत कोंबडी भरून भाजतात तो चिकन पाय केला, टेबलावर ठेवला आणि आपली थाळी घेऊन चुलीपाशी निघाली. तेव्हा अ‍ॅसाहेलच्या आजीनं काठीनं रिकामी खुर्ची दाखवली. "ए मुली," ती म्हणाली होती, "शिजवणारी बसल्याशिवाय या घरात प्रार्थना होत नाही. बस लवकर, मला भूक लागलीय." समोर घरातला थोरला मुलगा जोथम बसला होता. त्यानं मीठ पुढं केलं. मग तो रोज मीठ पुढं करू लागला, तिनं मागितलं नाही तरी. पुढं लग्न झालं, मुलं झाली, आणि सगळं घर पश्चिमेला या गावी यायला निघालं तेव्हा जोथमनं तेच टेबल पाय वर करून बैलगाडीत घातलं. जोथम गेला. टेबल आहे. तो नियमही आहे. थँकफुलला स्वतःचं म्हणून जे काही या जगात मिळालं, ते त्या एका नियमानं मिळालं होतं, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

म्हणून अ‍ॅसाहेल कोट झटकत आत आला आणि म्हणाला, "आई, एकच दिवस. एवढं कर माझ्यासाठी," तेव्हा तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"एकच दिवस काय?"

"रॉक्साना आतच जेवू दे. कर्नल मोठ्या लोकांत वावरतात. त्यांना वाटायला हवं, की अ‍ॅसाहेल लॅथ्रपकडं घर चालवायची रीत आहे."

"रीत आहेच की. तुझ्या आजीची."

"आई!"

खिडकीत बसून थँकफुलची मुलगी सफरचंदं चिरत होती. तिचं नाव सबमिट. आजीनं मोठ्या आशेनं ठेवलेलं नाव, अर्थ नमून वागणारी. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात तशातली गत. सगळे तिला मिटी म्हणत.

"अ‍ॅसाहेल," मिटी म्हणाली, "तू खुशाल तिला आत जेवायला घाल. मला फक्त एक सांग, रॉक्सानाला भाऊ किती?"

"पाच. त्याचं काय?"

"आणि बाप. सगळे एकविसाच्या वरचे. सगळे मत देतात. आणि त्यांच्या बहिणीला लॅथ्रपांनी घंटा वाजवून बोलावलं हे आज संध्याकाळपर्यंत त्या सगळ्यांना कळेल. तिच्या दोन मावश्या गिरणीपाशी राहतात, त्यांना धरून…"

अ‍ॅसाहेलनं हातातली टोपी गोल फिरवली. त्याच्या चेहऱ्यावर समता हळूहळू उगवताना थँकफुलनं पाहिली.

"तसं पाहिलं तर," तो घसा खाकरून म्हणाला, "आजीची रीत ही आजीची रीत."

"पाहिलंस, आई?" मिटी म्हणाली. "सहा मतं म्हणजे केवढी मोठी शक्ती."

कॉर्नेलियानं नवऱ्याकडे एक नजर टाकली. सकाळी तो तिच्या बाजूचा होता. तिनं घंटा कपाटात ठेवली, कपाटाचं दार हळू लावलं, आणि त्यानंतर बराच वेळ ती कुणाशी बोलली नाही. अशा गप्प बसलेल्या सुनेची धास्ती घ्यावी, एवढं थँकफुलला अनुभवानं कळत होतं. पण चुलीवर पुडिंग होतं, पाहुणा वाटेवर होता, आणि एका दिवशी माणूस किती धास्त्या घेणार?

*

कर्नल टटल आले ते वेळेच्या आधी आणि भुकेलेले. ते कुठल्या लढाईतले कर्नल होते हे कुणी विचारत नसे. वर्षातून एकदा गावातले पुरुष मैदानात बंदुका घेऊन उलटेसुलटे चालत, त्यांच्या पुढं कर्नल घोड्यावर बसून चालत. घोडा बिचारा बरोबर चालायचा.

टेबलावर लॅथ्रपांच्या घरानं कधी पाहिलं नव्हतं असं जेवण मांडलं होतं. चिकन पाय, भाजलेलं बदक, लोणी घातलेले बटाटे, मुरवलेली पीचं. मक्याच्या पिठाचं काकवी घातलेलं पुडिंग मागे चुलीवर शिजत होतं. सगळं हेस्टरनं केलं होतं. हेस्टर ही कॉर्नेलियाच्या माहेरची स्वयंपाकीण. आफ्रिकी वंशाची, काळी, उंच, पन्नाशीची. कालव्याच्या बोटीतून ती कॉर्नेलियाबरोबर आली होती, आणि दोन दिवसांत तिनं थँकफुलचं स्वयंपाकघर असं ताब्यात घेतलं होतं, की थँकफुल स्वतःच्या घरात मीठ विचारून घेत होती.

खुर्च्या सहा होत्या. कर्नल, अ‍ॅसाहेल, कॉर्नेलिया, मिटी, थँकफुल, आणि सहाव्या खुर्चीत, हनुवटी जरा जास्तच वर करून, रॉक्साना.

कर्नलनी भुवया उंचावल्या. अ‍ॅसाहेल तयारच होता.

"या मिस पेक. आमच्या आईच्या हाताशी असतात. कर्नल, आमच्या घराण्याची एक जुनी रीत आहे. शिजवणारी बसल्याशिवाय आमच्याकडे प्रार्थना होत नाही. आजीपासून चालत आलंय. मी याच टेबलावर लहानाचा मोठा झालो!"

थँकफुलनं मिटीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघी हसल्या असत्या.

"वा!" कर्नलनी टेबलावर थाप मारली. "पेक म्हणजे त्या पेकांच्या ना? वा वा! अ‍ॅसाहेल, हे तू शनिवारी सांगायलाच हवंस. मालकीण आणि मदतीची पोरगी एका टेबलाला! युरोपातल्या कुठल्या राजाच्या घरी आहे हे? मी म्हणतो, अहो, मताला मालमत्तेची अट होती ना, ती आम्ही का काढली? माणूस म्हटला की माणूस!"

"पुरुष म्हटला की पुरुष," मिटी म्हणाली.

"अं? हो, ते तर झालंच. बायकांना कशाला ती कटकट?"

"खरंय. आम्हाला आधीच बदकं भाजायची असतात."

कर्नल खळखळून हसले. माणूस तसा वाईट नव्हता, फक्त त्याला स्वतःचा आवाज फार आवडे. ते बोलत राहिले. चिकन पायवरची वाफ विरली. रॉक्साना बटाट्यांकडे पाहत होती. हेस्टर रश्श्याचं भांडं घेऊन आत आली, ते टेबलावर ठेवून भिंतीशी उभी राहिली. कर्नलचं वाक्य संपेना, म्हणून ती तिथेच थांबली.

अखेर अ‍ॅसाहेलनं हात जोडले. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"हे परमेश्वरा…"

"थांब हं, अ‍ॅसाहेल," कॉर्नेलिया म्हणाली.

सकाळपासूनचे तिचे हे पहिले शब्द होते, आणि ते मधात घोळवलेले होते.

"मी या घरात नवीन आहे, चुकत असेन तर सांगा. शिजवणारी बसल्याशिवाय प्रार्थना होत नाही ना? मग आजचं जेवण शिजवलं कुणी?"

मागे स्वयंपाकघरात पुडिंगचं झाकण हलकेच थडथडत होतं.

"मी बटाटे सोललेत," रॉक्साना शेवटी म्हणाली. पण हनुवटी आता तेवढी वर नव्हती.

थँकफुलच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सुनेनं टोमणा मारला होता हे तिला कळत होतं. कॉर्नेलियाला हेस्टरचा काडीचा पुळका नव्हता. तिला फक्त लॅथ्रपांची फुशारकी उघडी पाडायची होती. पण टोमणा मारणाऱ्याचा हेतू वाकडा असला म्हणून नेम चुकतोच असं नाही. दोन दिवस हेस्टर चुलीपाशी उभ्यानं, हातात थाळी धरून जेवत होती. दोन दिवस थँकफुल तिच्या समोरून ये-जा करत होती. आजीच्या रीतीचा एवढा अभिमान, आणि एकदाही तिच्या मनात आलं नाही, की हिचं काय? रॉक्सानासाठी ती मुलाशी भांडायला निघाली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"हेस्टर," ती म्हणाली, "आमचं चुकलं. ये, बस."

हेस्टर जागची हलली नाही. तिनं टेबलावरून एक नजर फिरवली.

"कुठे?" तिनं विचारलं.

सहा खुर्च्या होत्या आणि सहा माणसं. सातवं कुणी आहे असं मांडताना कुणाला वाटलंच नव्हतं.

थँकफुल उठली आणि तिनं स्वतःची खुर्ची मागे ओढली. "इथे."

"आई!" अ‍ॅसाहेल म्हणाला.

"मग मी उठू का?" रॉक्साना लाल होऊन म्हणाली. "म्हणजे आता सगळे बसणारच असतील तर…"

"ऊठ की. तुमच्याकडे डुकराचं मांस शिजतंय ना?" मिटी म्हणाली.

रॉक्सानानं बदकाकडे पाहिलं, पायकडे पाहिलं, आणि ती उठली नाही.

कर्नलनी रुमाल गळ्यातून काढून नीट घडी करून ठेवला. "मिसेस लॅथ्रप, तुमचं मन मोठं आहे. समता ही थोर गोष्ट आहे, मी जन्मभर तेच सांगत आलोय. पण…"

"पणच्या पुढचं तुम्ही खानावळीत सांगा, कर्नल. इथे चिकन पाय गार होतोय. आमच्या घरी नवीन माणूस बसलं की आम्ही त्याची ओळख करून देतो. कर्नल टटल, या मिसेस…" आणि ती अडली. दोन दिवसांत तिनं आडनावही विचारलं नव्हतं. "मिसेस काय हो?"

"व्हॅन शोर," हेस्टर म्हणाली.

"ते तर कॉर्नेलियाचं माहेरचं…"

"हो. तेच. दुसरं कुणी दिलं नाही. कायद्यानं तीन वर्षांपूर्वी आम्हाला गुलामीतून सोडवलं, पण नाव त्यांच्याच घरचं राहिलं." हेस्टर मान वळवून कर्नलकडे पाहत होती. तिचा आवाज शांत होता, जरासा मिस्किलही. "आमच्या घरातही मत आहे बरं का, कर्नल. माझ्या नवऱ्याला. फक्त आधी त्याच्याकडे मालमत्ता हवी. तुमच्या लोकांची अट काढलीत ना, ती फेकून नाही दिली. आम्हा काळ्यांसाठी जपून ठेवली."

मिटीच्या तोंडून एक विचित्र आवाज आला आणि तिनं पाण्याचा पेला तोंडाला लावला.

कर्नल उभे राहिले. हॅट घेतली. "अ‍ॅसाहेल, जरा बाहेर येतोस?" आणि ते उत्तराची वाट न पाहता निघाले.

अ‍ॅसाहेल अर्धवट उठला. एक हात टेबलावर, एक पाय दाराकडे. लहानपणी तो पहिलं पाऊल टाकताना पडेल की काय म्हणून थँकफुलनं जसं पाहिलं होतं, तसंच तिनं आत्ता पाहिलं. तो आईकडे बघेल असं तिला वाटलं. त्यानं बघितलं नाही. तो कर्नलच्या मागोमाग बाहेर गेला.

*

खिडकीतून अंगण दिसत होतं. कर्नल आपल्या गाडीत चढून बसले होते. लगाम हातात, पण घोडा उभा. खाली अ‍ॅसाहेल, हातात हॅट धरून. ऐकू काही येत नव्हतं.

"सामान्य माणसाचा मित्र," मिटी म्हणाली. "बघा, डोक्यावर हॅटसुद्धा नाही बिचाऱ्याच्या."

"गप बस, मिटी," थँकफुल म्हणाली. तिचा आवाज फाटला.

थँकफुलला मुलाची विधानसभा नको होती असं नाही. तिला ती फार हवी होती. मदतीला आलेल्या पोरीचा मुलगा आल्बनीला जाऊन कायदे करील, हे तिनं जोथमजवळही कधी बोलून दाखवलं नव्हतं, इतकं हवं होतं. आणि ते आत्ता तिनं एका खुर्चीपायी अंगणात उभं करून ठेवलं होतं. पण खुर्ची ढकलून परत आत सारावी असं काही तिला वाटेना.

"मिसेस व्हॅन शोर, तुम्ही बसा," ती म्हणाली.

"तुमच्या खुर्चीत नाही बसणार," हेस्टर म्हणाली. "उद्या म्हणाल, आली आणि घर घेतलं. मी बसते तिथे," आणि ती अ‍ॅसाहेलच्या खुर्चीत बसली. कॉर्नेलियाच्या शेजारी.

कॉर्नेलिया ताठ झाली होती. तिला वाटलं होतं, आपण प्रश्न टाकू, लॅथ्रप खजील होतील आणि गोष्ट तिथेच संपेल. ती संपली नाही आणि आता तिच्या कोपराला हेस्टरचं कोपर लागत होतं.

"मिस कॉर्नी," हेस्टर हळूच म्हणाली, "तुला मी वाढवलं. आणि आजवर तुला मीच वाढलं. आज तो चिकन पाय जरा इकडे सरकव."

कॉर्नेलियानं पायची थाळी उचलली. मग ती घोटाळली. जन्मात तिनं कुणाला काही वाढलं नव्हतं. थाळी कुठल्या बाजूनं पुढे करायची हेही तिला ठाऊक नव्हतं. ती आधी उजवीकडून आली, मग डावीकडून, आणि शेवटी तिनं थाळी सरळ हेस्टरच्या पुढ्यात ठेवून दिली. तिचे डोळे भरून आले होते. रागानं की आणखी कशानं, ते तिलाच सांगता आलं नसतं.

"चांगलं वाढलंस," हेस्टर म्हणाली. "सवयीनं येईल."

पाऊल वाजलं. दारात अ‍ॅसाहेल उभा होता. चेहरा पांढरा. मागे अंगणात कर्नलची गाडी तशीच थांबलेली.

"कर्नल थांबलेत," तो आईकडे न बघता म्हणाला. "ते म्हणतात… ते म्हणतात, त्यांचा कुणावर राग नाही. टेबल आधी होतं तसं झालं, की ते आत येऊन जेवतील. शनिवारी माझंच नाव घेतील." "म्हणजे फक्त, ही जर… मिसेस… जर आत स्वयंपाकघरात…"

वाक्य त्याला पुरं करता येईना. नेहमी हात पसरून बोलणारा माणूस, पण हॅट दोन्ही हातांत धरली होती, त्यामुळे हातही पसरता येत नव्हते. त्यानं आपल्या खुर्चीकडे पाहिलं. तीत हेस्टर बसली होती. तिनं काटा खाली ठेवला आणि हात मांडीवर घेतले. ती उठली नाही, पण आरामातही बसली नाही. आजवर कितीतरी टेबलांवर तिचं काय करायचं ते दुसऱ्यांनीच ठरवलं होतं. हेही ठरतंय, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला.

"पुडिंग!" रॉक्साना उठू लागली.

"बस," थँकफुल म्हणाली. "कुणी उठायचं नाही. प्रार्थना व्हायचीय." ती मुलाकडे वळली. "अ‍ॅसाहेल, निवडणुकीला उभा राहणार म्हणत होतास ना?"

"आई, मी…"

"मग उभाच आहेस तर आतून पुडिंग घेऊन ये."

मिटी हसली नाही. कॉर्नेलियानं मान वर केली. सगळ्यांच्या नजरा अ‍ॅसाहेलवर होत्या. एका बाजूला अंगणाचं दार होतं, एका बाजूला स्वयंपाकघराचं. त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं. कर्नलनी त्याला पाहिलं आणि बोटानं 'लवकर' अशी खूण केली. सकाळी कॉर्नेलियानं घंटा वाजवली होती, तशीच ती खूण होती. बोलावणाऱ्याला खात्री होती, की हा येणार.

अ‍ॅसाहेलनं हॅट खुंटीला लावली. मग तो स्वयंपाकघरात गेला.

आत काहीतरी पडलं, काहीतरी सांडलं, मग एक शब्द ऐकू आला जो विधानसभेत चालत नाही. आणि मग आतून त्याची हाक आली.

"अगं, कुणीतरी हाताशी या! हे भांडं भयंकर तापलंय!"

रॉक्सानानं तोंडावर हात दाबला. कुणीही उठलं नाही.

"कोटाच्या शेपटानं धर!" थँकफुल ओरडली.

तो आला. निळ्या कोटाच्या दोन शेपटांत काळं भांडं धरून, घामाघूम. भांडं टेबलावर ठेवून त्यानं डाव घेतला आणि तो क्षणभर थांबला. आधी कुणाला, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, पण तो सगळ्यांना ऐकू आला. अ‍ॅसाहेल टेबलाला वळसा घालून गेला.

"मिसेस व्हॅन शोर," तो म्हणाला, "देऊ?"

"आधी प्रार्थना," हेस्टर म्हणाली. "तुमच्याकडची रीत ना ती?"

"हो. पण अजून एकजण बसायचंय." त्यानं आईची मागे ओढलेली खुर्ची धरली. "आजीनं या टेबलाला बसवलेली मदतीची पोरगी. आई, बस."

थँकफुल बसली. प्रार्थना झाली. कोण काय म्हणालं ते तिला नीट ऐकू आलं नाही. मध्येच अंगणातून चाकांचा आवाज आला, फाटकापर्यंत गेला आणि पुढे ऐकू येईनासा झाला. अ‍ॅसाहेलनं डोळे उघडले नाहीत, फक्त त्याचा जबडा आवळला.

मग तो कर्नलच्या रिकाम्या खुर्चीत बसला. हेस्टरनं पुडिंगचा पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"खाली लागलंय," ती म्हणाली. "तुमच्या कर्नलच्या भाषणापायी माझं पुडिंग गेलं."

"वरचा थर चांगला आहे," कॉर्नेलिया चाचरत म्हणाली.

"तो तुम्ही सगळे घ्या," थँकफुल म्हणाली, आणि तळाचा करपलेला, काळा, कडक थर खरवडून तिनं मुलाच्या थाळीत घातला. मग कुणी मागितलं नसताना तिनं मीठ त्याच्यापुढं सरकवलं.